पाहुणा आपलासा का वाटतो?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. गर्दीचा त्रास होत असूनही हे पाहुणे हवेसे का वाटतात? पैसा हे कारण आहेच, पण तेवढं पुरत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांनी १९१२च्या धर्मविषयक ग्रंथात दाखवलं, की समान श्रद्धा आणि एकत्र केलेली कृती माणसांना जोडते. पर्यटनाचे अभ्यासक हेच सूत्र यजमान-पाहुण्यांना लावतात. पिल्लू लाटेपर्यंत पोचेल ना, ही काळजी दोघांनाही असते. मग जेवताना गप्पा रंगतात आणि विरजण लागावं तशी ओळख घट्ट होते. धावती भेट देऊन, फोटो काढून निघून जाणाऱ्याशी हे नातं जुळणं अवघडच. वेळासला गेलात तर मुक्काम करा, यजमानांशी बोला.