दोनशे किलोमीटर, तीन घाट आणि बरेच गैरसमज

सुरूर फाट्यावरच्या टपरीवर सायकलवाल्यांना हमखास तीन प्रश्न विचारले जातात. कुठून आलात, सायकल कितीची आणि पहिला नंबर आला तर काय मिळतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी असतात. (दुसऱ्याचं उत्तर घरी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जरा जास्त असतं, इतकंच.) तिसऱ्याला ‘काही नाही’ म्हटलं की समोरचा माणूस चहा गाळता गाळता थांबतो. मग एवढ्या पहाटे निघून कात्रज, खंबाटकी चढून आलात कशाला?

प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की बीआरएमला पहिल्यांदा उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनातही शर्यतच असते. तयारीचे, खाण्यापिण्याचे, सायकल निवडण्याचे जे सल्ले कानोकानी फिरतात त्यांतले निम्मेअधिक शर्यतीतून उसने आलेले असतात. घाटात ते अंगाशी येतात.

बीआरएम म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करण्याचा उपक्रम. नियम पॅरिसच्या ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’चे, भारतातली व्यवस्था ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’ची. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. ही चारही अंतरं एकाच हंगामात, म्हणजे 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर या काळात, पूर्ण केली की ‘सुपर रँडोनर’ म्हणवून घेता येतं. क्रमांक नाही, बक्षीस नाही. उलट फार लवकर पोहोचलात तर कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का मारून घेण्याचा थांबा, उघडलेलाच नसतो. 200 किलोमीटरचा शेवटचा कंट्रोल सुटल्यापासून 5 तास 53 मिनिटांनी उघडतो, त्याआधी आलेल्याने बाहेर बसून वाट पाहायची. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरवणारी मुंबई–पुणे शर्यत हा वेगळा खेळ आहे आणि त्याची अक्कल वेगळी आहे.

‘साडेतेरा तास म्हणजे भरपूर वेळ’

दोनशे भागिले साडेतेरा म्हणजे ताशी पंधराही नाही. कागदावर हे फारच सोपं दिसतं, कारण सपाटीवर रोज ताशी 22–23 ने जाणाऱ्याला पंधरा हा आकडा अपमानास्पद वाटतो. पण घड्याळ सुटण्याच्या क्षणापासून चालू असतं. ते पंक्चरला थांबत नाही, लघवीला थांबत नाही आणि मिसळीची तर्री यायला वेळ लागला तरी थांबत नाही.

हिशोब मांडून पाहा. पुणे–पाचगणी–पुणे साधारण दोनशे किलोमीटर होतात. चढउतार धरून सायकल चालती असतानाची सरासरी ताशी 18 आली, तर सव्वाअकरा तासांच्या आत चालवणं होतं. उरले सव्वादोन तास. अर्ध्या अर्ध्या तासाचे पाच थांबे घेतलेत तर तुम्ही वेळेबाहेर गेलात, आणि पाय मात्र ठणठणीत. वेळेबाहेर जाणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. ते घाटात नव्हे, खुर्चीत हरतात. कंट्रोलवर आल्या आल्या आधी कार्डावर शिक्का, मग बाटल्या, मग खाणं, हा क्रम अंगवळणी पाडणं हीसुद्धा तयारीच आहे. ती घराजवळच्या रविवारच्या राइडला करता येते, पण कोणी करत नाही.

‘घाटासाठी हलकी, महागडी सायकल हवी’

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट घ्या. अंतर बाराएक किलोमीटर, चढाई साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी उतार पाच टक्क्यांच्या आतबाहेर. चालवणारा 70 किलो आणि सायकल, पाणी, पिशवी, हत्यारं मिळून 15 किलो असे 85 किलो वर न्यायचे आहेत. सायकल तीन किलोंनी हलकी घेतली तर एकूण वजन साडेतीन टक्क्यांनी कमी होतं. तेवढ्याच ताकदीने तासभर चढायचा घाट फार तर दोन मिनिटं लवकर संपतो. त्या दोन मिनिटांसाठी लाखभर रुपये मोजायचे असतील तर जरूर मोजावेत. हौसेला मोल नसतं. पण ती गरज आहे असं कोणी सांगत असेल तर एवढं गणित त्याच्यापुढे ठेवावं.

दुकानात वजन सगळे विचारतात. विचारायला हवं ते दात्यांबद्दल. पुढची लहान चेनरिंग किती दात्यांची आणि मागच्या कॅसेटची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची? जुन्या धाटणीच्या रेसिंग सायकलवर पुढे 39 आणि मागे 25 असं सर्वांत हलकं गिअर असतं. एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. पसरणी सव्वा तासात चढायचा, म्हणजे ताशी साडेनऊच्या वेगाने, तर पायांना मिनिटाला पन्नासच्याही आत फेऱ्या मारता येतात. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर दाब येतो आणि सव्वा तासात साडेतीन हजारांवर वेळा येतो. तेच पुढे 34 आणि मागे 34 असतील तर त्याच वेगाला 75 च्या आसपास फेऱ्या होतात. ताकद तेवढीच लागते, पण दाब विभागला जातो. गुडघे दुखतात म्हणून सायकलिंग सोडलेली माणसं आपल्याकडे आहेत. त्यांतल्या कित्येकांना डॉक्टरच्या आधी मोठ्या कॅसेटची गरज होती असं माझं मत आहे. तीन चेनरिंगची साधी हायब्रिड या बाबतीत कित्येक चकचकीत सायकलींना मागे टाकते.

‘टायर दगडासारखे कडक हवेत’

पंपावर 120 चा आकडा गाठल्याशिवाय काहींना चैन पडत नाही. गुळगुळीत फरशीवर ते चाललं असतं. आपल्या रस्त्यांवर अतिकडक टायर प्रत्येक खडीवर उसळतो आणि ती उसळी सायकलीला व चालवणाऱ्याला हादरवण्यात ताकद घालवते. शिवाय मनगटं आणि मान दिवसाअखेर बोलायला लागतात ते वेगळंच. 28 मिलिमीटरचा टायर आणि ऐंशीच्या आसपास हवा, वजन कमी असेल तर आणखी थोडी कमी, एवढ्यावर सायकल हळू होत नाही.

सीटचंही तसंच. जेलचं मऊ कव्हर पहिले वीस किलोमीटर सुख देतं, नंतर त्यात रुतून नको तिथे दाब येतो. बैठकीच्या हाडांच्या रुंदीला बसेल अशी जरा टणक सीट आणि पॅडची शॉर्ट एवढं पुरतं. ती शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं म्हणून इथे सांगितलं.

‘आधी एकदा पूर्ण अंतर मारून बघायचं’

गरज नाही. 120–140 किलोमीटरची एक राइड तब्येतीत झाली असेल तर 200 ला उतरायला हरकत नसते. त्याहून उपयोगी म्हणजे शनिवारी घाट आणि रविवारी, पाय जड असताना, पुन्हा लांब राइड. अंतर आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवायचं आणि शेवटच्या आठवड्यात कमी करायचं. हा शेवटचा भाग लोकांना पटत नाही. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी सिंहगड मारून ‘शेवटचा हात फिरवणारे’ असतातच. तीन दिवसांत तयारी वाढत नाही, थकवा मात्र पुरतो.

‘रात्री दाबून जेवलं की दिवसभराची सोय’

शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठणारी साखर चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी. साडेतेरा तासांच्या डोंगराळ राइडला याच्या दोन-तीन पट लागतात. आदल्या रात्रीचं जेवण ही तिजोरी भरतं, मोठी करत नाही. ती रिकामी झाली की हातपाय गळतात, डोकं चालेनासं होतं, उगाच रडू येतं. सायकलवाले याला ‘बॉन्क’ म्हणतात.

उपाय कंटाळवाणा आहे: पहिल्या तासापासून, भूक नसताना, दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम मिळतात. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, इडली, पोहे, दहीभात, सगळं चालतं. परदेशी जेलची पाकिटं सोयीची, पण अनिवार्य नाहीत. मिसळीशी वैर नाही, फक्त तिची वेळ घाट उतरल्यानंतरची. तेल आणि मोड आलेलं कडधान्य पोटात रेंगाळतं, आणि घाटात वर सरकताना ते आपलं अस्तित्व जाणवून देतं.

पाण्याबाबत दोन टोकं आढळतात. काहीजण पाणी पितच नाहीत, आणि काहीजण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ म्हणून पीत सुटतात. दुसरं टोक जास्त धोक्याचं ठरू शकतं. घामावाटे मीठ जात असताना नुसतं साधं पाणी प्रमाणाबाहेर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणं, आणि ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच दिसत असल्याने भले लोक आणखी पाणी पाजतात. तहानेप्रमाणे प्यावं, आणि अधूनमधून ओआरएस. पाकीट ज्या मापासाठी असेल तेवढ्याच पाण्यात, बहुतेक एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने बाटलीत टाकणं म्हणजे औषध चवीपुरतं घेणं.

पेटके आले की सगळा दोष मिठाच्या माथी मारला जातो. अभ्यासांचा कल मात्र स्नायूंच्या थकव्याकडे आणि त्यामुळे बिघडणाऱ्या मज्जातंतूंच्या संदेशांकडे आहे. पेटके बहुधा सवयीपेक्षा जोरात गेलेल्यांना येतात. आता गंमत: लोणच्याच्या खाऱ्या आंबट पाण्याने पेटका लवकर सुटतो हे प्रयोगात दिसलं आहे, पण तो इतका चटकन सुटतो की तेवढ्यात मीठ रक्तात पोहोचणं शक्यच नसतं. परिणाम घशातल्या संवेदनांमार्फत होत असावा. आजीच्या बरणीचा उपयोग बरोबर, कारण मात्र वेगळं.

‘चढ संपला की विश्रांती’

या गैरसमजाची किंमत हाडांनी चुकवावी लागते. पसरणी चढताना 85 किलोंना जी ऊर्जा मिळाली ती उतरताना कुठेतरी जायलाच हवी. ती आहे 460 किलोज्यूलच्या घरात, म्हणजे साध्या तापमानाचं जवळजवळ दीड लिटर पाणी उकळेल एवढी. काही वाटा हवेचा विरोध खातो, बाकीचा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जमा होतो. घाबरून सबंध घाट ब्रेक हलका धरून ठेवणारा माणूस सुरक्षित नसतो. त्याची रिम किंवा डिस्क सतत तापत राहते, थंड व्हायला तिला उसंत मिळत नाही. रिम-ब्रेकवर अशा वेळी ट्यूब फुटू शकते.

सरळ पट्ट्यात सायकल मोकळी सोडावी, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोर देऊन लावावेत आणि वळणात शिरेपर्यंत वेग उतरलेला असावा. नजर चाकापुढे नाही, वळण जिथे संपतं तिथे. पसरणीत समोरून एसटी वळण कापत येते हे गृहीतच धरायचं, आणि माकडांना केळं दाखवायचं नाही. पहाटे किंवा संध्याकाळी उतरताना गार वाऱ्याने बोटं बधिर होतात, ब्रेक दाबताना ते कळतं. पातळ विंडचीटर खिशात असावा तो यासाठी.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या की ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’ असं निदान होतं. व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट तासाभरात मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं, आणि ताणला जात असताना जोर लावणाऱ्या स्नायूला ते जास्त होतं. म्हणून सायकलने पाचगणीला जाऊन आलेला माणूस सोमवारी ऑफिसचा जिना उतरतो, पण बऱ्याच दिवसांनी सिंहगड पायी उतरलेला माणूस कठडा धरतो.

राहिला एक गैरसमज, तो सह्याद्रीवाल्यांचा खास: इथले घाट चढणाऱ्याला बाहेरच्या टेकड्यांचं काय? याचं उत्तर फ्रान्समधली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस देते. ती 1891 साली शर्यत म्हणूनच सुरू झाली होती. व्यावसायिकांची शर्यत 1951 नंतर बंद पडली आणि आता दर चार वर्षांनी हौशी लोक बाराशेहून अधिक किलोमीटरचा हा पल्ला बहुतांशी 90 तासांच्या मुदतीत करायला जातात. भारतातूनही शेकड्याने जातात. त्या मार्गावरची सर्वांत उंच जागा चारशे मीटरच्याही आत, म्हणजे पुण्यापेक्षा सखल. तरी एकूण चढाई अकरा-बारा हजार मीटर भरते, कारण रस्ता सपाट म्हणून राहतच नाही. पसरणीत एकदा लय सापडली की तासभर टिकते. तिथे ती दर पाच मिनिटांनी मोडते.

त्याची तालीम पाचगणीपेक्षा कोकणात चांगली होते. दापोली–गुहागर–जयगड या किनाऱ्याच्या रस्त्याला नावाजलेला घाट नाही. पण खाडीला उतरा, सड्यावर चढा, पुन्हा उतरा, असं दिवसभर चालतं आणि गिअर बदलून बोट दुखतं. दाभोळला आणि तवसाळला खाडी ओलांडायला फेरीबोट आहे, सायकल घेऊन चढता येतं. बोट नुकतीच सुटलेली असेल तर धक्क्यावर बसून खाऊन घ्यावं. तो वेळही सरासरीत धरायचा.