भोंगा वाजला, मोबाइल गप्प!

पोरांच्या हातातला मोबाइल सुटत नाही म्हणून घरोघरी कटकट सुरू आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने त्यावर चक्क भोंग्याचा उतारा शोधला. उसाच्या पट्ट्यातल्या बाकीच्या गावांना तो झेपेल?

बारामतीहून इंदापूरकडे जाणारी संध्याकाळची एसटी पकडा. कॉलेज सुटलेलं, गाडी खचाखच. भवानीनगर जातं, लासुर्णे येतं. एवढी तरुण पोरं एका गाडीत म्हणजे खरं तर दंगा हवा! पण एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने रील्स सरकवायच्या, हे कसब आता सगळ्यांनाच जमलंय. गाव आलं की शेजारचा कोपराने ढोसतो, तेव्हा कुठे मान वर होते.

घरी पोचल्यावर आईने विचारलं तर उत्तर तयार, ‘अभ्यास करतोय.’ आणि गंमत म्हणजे ते खोटं नसतंही! नोट्स व्हॉट्सॲप ग्रुपवर, लेक्चर यूट्यूबवर, परीक्षेचा फॉर्म आणि रिझल्टही मोबाइलवरच. दारूच्या बाटलीत कुणी पाठ्यपुस्तक ठेवत नाही. इथे नेमकं तेच झालंय. म्हणून ‘काढून घ्या फोन’ हा सल्ला ऐकायला सोपा आणि अमलात आणायला महाकठीण.

हे एका रात्रीत झालेलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. मग मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळांना कुलूप लावलं. ऑनलाइन वर्गासाठी अनेक आई-बापांनी पोटाला चिमटा काढून स्मार्टफोन घेतला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही पोरांच्या हातातून परत आला नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं ५७ टक्के म्हणाले, तर सोशल मीडियासाठी ७६ टक्के.

आता भोंग्याची गोष्ट. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, वस्ती साधारण तीन हजार. शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार, म्हणजे आपल्या लासुर्णे-भवानीनगर पट्ट्यासारखंच गाव. ऑनलाइन शाळा संपली तरी मुलं पुस्तकाकडे वळेनात, अशी शिक्षकांची तक्रार. १४ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या आदल्या दिवशी, गावाने बैठकीत ठरवलं : देवळावरचा भोंगा रोज संध्याकाळी सातला वाजणार आणि साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. सरपंच होते विजय मोहिते.

सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. बायकांनी मात्र कबूल केलं, की मालिका आणि मोबाइल आपणही जरा जास्तच बघतो. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून ‘अहो, टीव्ही बंद करा’ म्हणून सांगू लागले. दीड तास मुलं वाचायला बसू लागली आणि मोठी माणसं चक्क एकमेकांशी बोलू लागली!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने दुसरी वाट धरली. तिथल्या ग्रामसभेने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. मला विचाराल तर वडगावचा फंडा जास्त पटतो. तिथे नियम पोराला आणि बापाला एकच. नाहीतर बाप सोफ्यावर आडवा पडून रील्स बघणार आणि ‘तू आत जाऊन अभ्यास कर’ म्हणणार... कोण ऐकेल हो? शिवाय वडगावात रोज फक्त दीड तासाचा हिशेब होता, आयुष्यभराचा नाही.

एक मात्र बघा. दिवसभर मोबाइल बघणाऱ्या प्रत्येक पोराला ‘ॲडिक्ट’ म्हणून मोकळं होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण ‘मोबाइलचं व्यसन’ असा वेगळा आजार नाही. गेमिंगच्या बाबतीतही डॉक्टर काय बघतात? खेळण्यावर ताबा राहिला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललंय. बेंगळुरूच्या निमहान्सने तर अशा रुग्णांसाठी २०१४ मध्येच ‘शट’ क्लिनिक सुरू केलं.

खरी परीक्षा पुढेच आहे. लासुर्ण्याचा पोरगा एमपीएससीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहायला येतो. इथे ना देऊळ, ना भोंगा, ना दारात येणारी आशाताई. टेस्ट सिरीज टेलिग्रामवर, आणि उत्तर तपासून झालं की अंगठा आपोआप इन्स्टाकडे. अशा वेळी रूममेट्सनीच आपला भोंगा ठरवायला काय हरकत आहे? सातला चौघांचेही फोन एका डब्यात, साडेआठला डबा उघडायचा. नोट्सची झेरॉक्स काढा. उठण्यासाठी गजराचं साधं घड्याळ घ्या. ‘गजर मोबाइलवर आहे’ म्हणत उशाशी घेतलेला फोन रात्री दोनपर्यंत झोपू देत नाही.

आणि एवढं करूनही सुटत नसेल, झोप उडाली असेल, पेपर राहायला लागले असतील, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. तो लावायला अर्थात डबा उघडावा लागेल!