विहारधामातील फिरती चित्रे

कलादालन म्हटले की कायमचा संग्रह बाळगणारी संस्था आठवते. परंतु केवळ उसन्या चित्रांवर चालणारी दालनेही असतात. अमेरिकेतील लास व्हेगास येथील 'बेलाजियो' या विहारधामातील दालन हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९९८ साली विहारधाम उघडले तेव्हा त्याचे प्रवर्तक स्टीव्ह विन यांनी तेथे मोने, व्हान गॉख, पिकासो यांची चित्रे मांडली होती. २००० साली मालकी बदलली, मूळ संग्रह विखुरला आणि दालनात इतरांकडून आणलेल्या कलाकृतींची प्रदर्शने आळीपाळीने भरू लागली.

अशी देवघेव सोपी नसते. लास व्हेगास वाळवंटात वसलेले आहे. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि रंगाच्या थराला तडे जाऊ शकतात. म्हणून दालनातील आर्द्रता स्थिर राखावी लागते. चित्र येताना व परत जाताना त्याच्या स्थितीची बारकाईने नोंद केली जाते. विमाही उतरविला जातो.

२००४ साली बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने मोनेची २१ चित्रे येथे पाठविली व त्याबद्दल मोठे शुल्क घेतले. लोकांसाठी जपलेला ठेवा जुगारगृहाशेजारी भाड्याने द्यावा काय, असा आक्षेप त्यावर आला. संग्रहालयाला पैसा मिळतो आणि एरवी संग्रहालयाची पायरी न चढणाराही मोने पाहतो, हे समर्थकांचे उत्तर होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र तेवढा काळ बॉस्टनच्या प्रेक्षकांना ती चित्रे पाहता येणार नव्हती, हेही या हिशेबात धरावयास हवे.