लेकराच्या हातात मोबाईल, आई उसाच्या फडात



दसरा झाला की आपल्या लिंबागणेश भागातल्या कितीतरी बाया कोयता घेऊन कारखान्याला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. तान्हं लेकरू सोबत जातं. शाळेतलं लेकरू आजी-आजोबांपाशी, नाही तर हंगामी वसतिगृहात राहतं. जाताना आपण "रोज फोन करत जा" म्हणून एक मोबाईल त्याच्या हाती देतो. पट्टा पडेपर्यंत लेकराला आधार त्या मोबाईलचाच, आणि धोकाही त्यातूनच. आजीला फोन उचलता येतो, पण नात रात्री कुणाशी बोलते हे तिला कसं कळणार?

गावात राहणाऱ्या बायांचंही फार वेगळं नाही. घरात एकच मोबाईल. त्यावरच गटाचे मेसेज, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये जमा झाल्याचा मेसेज, लेकराचा अभ्यास आणि गेमसुद्धा. २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या तेव्हा शाळाच मोबाईलवर आली. तेव्हापासून तो लेकरांच्या हातून सुटलाच नाही.

दोन गावांनी काय केलं?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. त्या वेळात लेकरं अभ्यासाला बसतील. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदीच केली.

दोन्ही गावांना लेकरांची काळजी होती. पण भोंगा दीड तासाचा. बाकीच्या वेळेचं काय? आणि आपण फडात असताना बंदी पाळतंय की नाही, हे बघणार कोण? लेकरू बुडेल म्हणून आपण विहीर बुजवत नाही. पाठीला डबा बांधतो, पोहायला शिकवतो. मोबाईलचंही तसंच आहे.

"मला मोबाईलमधलं काही कळत नाही"

असं म्हणू नका, ताई. बटणं लेकराला आपल्यापेक्षा जास्त कळतात, ते खरं. पण माणसं आपल्याला जास्त कळतात. अनोळखी माणूस स्टँडवर लेकराला खाऊ देऊन नाव-गाव विचारू लागला, तर आपण लगेच सावध होतो ना? मोबाईलमध्येही तोच माणूस असतो. खाऊच्या जागी तो गेममधले फुकटचे डायमंड देतो, "तू फार छान दिसतेस" म्हणतो, नाही तर मुलीचा फोटो लावून मुलगीच असल्याचं सोंग करतो.

लेकराला एवढं शिकवा:

१. ओळख फक्त मोबाईलवरची असेल तर तो माणूस अनोळखीच. त्याला गाव, शाळा, आई-बाप कुठं गेलेत, यातलं काही सांगायचं नाही. एकट्यानं भेटायला तर जायचंच नाही.

२. जो फोटो आजीसमोर काढता येणार नाही, तो कुणालाही पाठवायचा नाही. मित्रालाही नाही.

३. ओटीपी आणि पिन कुणालाच सांगायचा नाही. पैसे आपल्याकडं येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

४. बक्षीस, फुकट गेम, योजनेचा फॉर्म, लग्नाची पत्रिका अशा नावानं आलेली लिंक किंवा फाईल विचारल्याशिवाय उघडायची नाही.

५. "हे घरी सांगू नको" असं जो म्हणेल, त्याचं नाव सगळ्यात आधी घरी सांगायचं.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी म्हणून जागा आहे. तिथं प्रोफाईल फोटो आणि ग्रुप, दोन्हींसमोर 'माय कॉन्टॅक्ट्स' करून ठेवा. म्हणजे परक्याला लेकराचा फोटो दिसत नाही आणि कुणीही उठून त्याला ग्रुपमध्ये ओढत नाही. हे लेकराकडूनच करून घ्या. तेही शिकेल, आपणही शिकू.

खरा प्रश्न: लेकरू आपल्याला सांगेल का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमारनं आपल्या घरातली गोष्ट सांगितली. त्याची मुलगी ऑनलाईन गेम खेळत होती. समोरच्या अनोळखी माणसानं आधी गोड बोलून तू मुलगा की मुलगी हे विचारलं, आणि मग तिच्याकडं नको तसले फोटो मागितले. पोरीनं गेम बंद केला आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. एवढ्या मोठ्या घरातही हे घडलं. ती वाचली, कारण तिनं आईला सांगितलं.

आपली पोरगी सांगेल का? तिला वाटतं, "बापाला कळलं तर मोबाईल जाईल, शाळा बंद होईल, लग्न उरकून टाकतील." सख्यांनो, ही भीती खोटी आहे का? आपल्याच मनाला विचारू. फोटो पसरवायची धमकी देणारा याच भीतीवर जगतो. घरात मार बसणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो मागत राहतो आणि लेकरू देत राहतं.

म्हणून कारखान्याला निघण्याआधी लेकराला जवळ घेऊन सांगा: "काहीही झालं तरी मला सांग. मी मारणार नाही, मोबाईल काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही." आणि उद्या त्यानं खरंच सांगितलं, तर शब्द पाळा. फडातून रोज फोन कराल तेव्हा "जेवलास का, अभ्यास केलास का" याच्या पुढं "आज मोबाईलवर काय बघितलंस, नवीन कोण बोललं" हेही सहज विचारा. चौकशी केल्यासारखं नको, गप्पा मारल्यासारखं विचारा.

घडलंच तर काय करायचं?

पैसे गेले तर त्याच घडीला १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवत राहतो. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवायची आशा जास्त.

फोटोची धमकी आली तर पैसे देऊ नका आणि घाबरून मेसेज पुसू नका. तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि नाव लिहून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा. लेकरांसाठी १०९८ हा फुकट नंबर रात्रंदिवस चालतो. सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते.

१८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यात लेकराची ओळख उघड करता येत नाही. जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारीच घेते. म्हणजे "चारचौघांत नाव जाईल" म्हणून गप्प बसायचं कारण नाही. दोष लेकराचा नाही, धमकी देणाऱ्याचा आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करू

बचत आणि कर्जाचा हिशोब झाला की अर्धा तास याला देऊ. प्रत्येकीनं मोबाईल सोबत आणावा. १९३० आणि १०९८ हे नंबर आपल्या आणि लेकराच्याही मोबाईलमध्ये टाकून घेऊ. ज्या सख्या तोडीला जाणार आहेत, त्यांनी गावात राहणारी एक सखी नेमावी आणि लेकराला तिच्यासमोर सांगावं, "मला फोन लागला नाही, तर या मावशीला सांग." त्या मावशीनंही आठवड्यातून एकदा लेकराची विचारपूस करावी.

गटात आपण एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो. एकमेकींच्या लेकरांनाही राहू.