दवाखाना वर्गणीवर चालावा की करावर?

ट्रस्टच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहून द्या असे सुचविले, तेव्हा गेली काही वर्षे मनात घोळत असलेला एक प्रश्न मी पुढे केला. आजाऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च ज्याचा त्याने करावा, दानशूरांनी करावा, की सरकारने सर्वांकडून कर घेऊन करावा? आणि कर घ्यावयाचा तर ज्याला तो देणे पसंत नाही त्याच्याकडूनही घ्यावा काय? जी संस्था इतकी वर्षे देणग्यांवर चालली, तिच्याच स्मरणिकेत हा प्रश्न काढणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु दानाची महती आणि दानाची मर्यादा या दोन्ही गोष्टी वर्गणी गोळा करीत दारोदार हिंडलेल्यांनाच अधिक ठाऊक असतात.

आमच्या शाळेतील शिपायाची हकीकत सांगतो. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. डॉक्टरांनी आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे, सांगितले. आम्ही शिक्षकांच्या खोलीत पाकीट फिरविले. पहिल्या महिन्यात ते जाड होते, दुसऱ्या महिन्यात बरे होते, चौथ्या महिन्यात त्यात नाणी वाजू लागली. कोणी निष्ठुर झाले होते असे नाही. कोणाच्या मुलीचे लग्न निघाले, कोणाचे घराचे हप्ते थकले. वर्गणी एका शस्त्रक्रियेला पुरते, जन्मभराच्या दुखण्याला पुरत नाही. दुसरी गोष्ट मला याहून अधिक बोचली. हा माणूस वयाने माझ्याहून मोठा. "मास्तर, छत्री पुन्हा विसरलात" असे मला दटावणारा. तो आता आमच्यापैकी कोणीही समोरून गेले की उठून हात जोडू लागला.

पुढे त्याला सरकारी डायलिसिसचा पत्ता लागला. केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, त्यात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा विनामूल्य मिळते. तेथे तो कोणाचा उपकार घेत नाही. तो स्वतः साबण, चपला, पोराची वही विकत घेताना कर भरीत आलेला आहे. प्राप्तिकर भरणारे तेवढेच करदाते, ही आपली समजूत चुकीची आहे. बाजारात पाऊल टाकणारा प्रत्येकजण करदाता आहे.

आपण बडोदेकर रोज जे पितो त्या पाण्याचा इतिहास पाहा. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधविले आणि १८९२ साली त्याचे पाणी शहरात आले. हे काम राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून झाले. ज्याच्या वाड्यात गोड्या पाण्याची विहीर होती तोही त्या तिजोरीत भर घालीत होता. मला नळ नको, माझा वाटा परत द्या, असे त्याला म्हणता आले नसते. आणि ते योग्यच होते, कारण शेजारच्या आळीत पटकी शिरली तर ती वाड्याची विहीर पाहून परत फिरत नाही. १९९४ साली सुरतेस प्लेगची आवई उठली तेव्हा लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यांत गरीब होते तसे पैसेवालेही होते. पोलिओचे डोस घरोघर पाजले गेले ते सरकारी खर्चाने. २०११च्या जानेवारीनंतर तो रोग देशात आढळला नाही. एखाद्या पेठेने वर्गणी दिली नाही म्हणून तेथील मुले वगळली असती, तर बाकीच्यांचे डोसही फुकट गेले असते.

संसर्गाच्या रोगांपुरते हे बहुतेकांना पटते. हाड मोडणे, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, ही तर ज्याची त्याची दुखणी. त्यांचा भार इतरांवर का? येथे इंग्लंडचा अनुभव पाहण्याजोगा आहे, कारण तेथील कित्येक मोठी रुग्णालये आपल्या ट्रस्टसारखीच देणग्या, मृत्युपत्रे व वर्गण्या यांवर चालत. ती उत्तम होती. पण ती उभी राहिली देणगीदार होते तेथे, आजारी होते तेथे नव्हे. पुढे उपचार महाग झाले आणि दानाचा ओघ त्यांना पुरेना. शेवटी ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री बेव्हन यांनी बहुतेक रुग्णालये सरकारी व्यवस्थेखाली आणली आणि मुख्यतः करांच्या उत्पन्नातून सर्वांना विनामूल्य उपचार सुरू केले. तीनच वर्षांत चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याची पाळी आली आणि बेव्हननी त्या कारणावरून राजीनामा दिला. आजही तेथे शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. सारांश, करावर चालणारी व्यवस्था म्हणजे अलीबाबाची गुहा नव्हे. परंतु दवाखान्याचे बिल भरण्यासाठी घर विकावे लागेल, ही धास्ती तेथील सामान्य माणसाच्या मनातून गेली.

आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच असे मत नोंदविले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही योग्य उपचारास मुकता कामा नये. घटनेच्या ४७व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. तरी १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा मजूर आगगाडीतून पडून डोक्यास जबर मार लागला असता एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला जागा नाही, साधन नाही म्हणून परत पाठविले. अखेर त्याला खाजगी रुग्णालयात पैसे मोजावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि पैसा नाही या सबबीवर सरकारला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे बजावले. आता सरकारजवळ पैसा येणार कोठून? आपल्याकडूनच. न्यायालयाने सरकारवर जबाबदारी टाकली म्हणजे पर्यायाने ती आपणा सर्वांवर टाकली.

विरोधकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. माझे एक स्नेही विचारतात, "मी सुपारीच्या खांडालाही शिवलो नाही; तंबाखू खाणाऱ्याच्या दुखण्याचे पैसे मी का भरू?" त्यांना मी एवढेच म्हणतो की, तंबाखूवर जबर कर बसवून ते पैसे काही अंशी त्याच्याकडूनच वसूल होतात, आणि रुग्णालयाच्या दारात प्रत्येकाच्या सवयींची चौकशी आरंभली, तर जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या बाळाला काय विचारणार? दान ऐच्छिक असते तेव्हाच त्याला पुण्य, सक्तीत पुण्य कोठले, असाही एक आक्षेप आहे. आमच्या धर्मात जकात आणि सदका असे दोन वेगळे प्रकार आहेत. सदका मर्जीचा; जकात मात्र ऐपतदारावर फर्ज, तिचा हिशेब ठरलेला. गरिबाचे पोट श्रीमंताच्या लहरीवर सोडू नये, ही समज जुनीच आहे.

स्नेह्यांचा खरा रोख मात्र वेगळाच आहे, आणि त्यावर माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. कर देऊनही सेवा मिळते काय? आमचा शिपाई काही दिवस गावी राहावयास गेला असता शेजारच्या जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात यंत्र बंद म्हणून दोनदा परत आला. डायलिसिस चुकणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगावयास नको. सरकारी आकडे असे की, देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ साली शेकडा ३९ वर आला. सुधारणा मोठी, पण ओझेही अजून मोठेच. त्याच वर्षी केंद्र व राज्ये मिळून सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या शेकडा १.८४ होता, २०१७च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शेकडा २.५ चे वचन दिले होते. २०१८ पासून प्राप्तिकरावर शेकडा ४ आरोग्य व शिक्षण उपकर घेतला जातो. उपकराचा वाटा राज्यांना देण्याचे बंधन केंद्रावर नाही, आणि रुग्णालये चालविणे तर मुख्यतः राज्यांचे काम. करदात्याने तक्रार करावी तर ती येथे करावी.

त्याच साली निघालेली आयुष्मान योजना चांगली आहे. गुजरातेत तिची मर्यादा २०२३ पासून कुटुंबास १० लाख रुपये झाली. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना ती लागू नाही, आणि घरे खचतात ती पुष्कळदा या गोळ्यांनीच.

मग ट्रस्टने काय करावे? इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९५च्या सुमारास रोगी कल्याण समिती निघाली आणि पुढे देशभर सरकारी रुग्णालयांतून तशा समित्या झाल्या. त्यांत स्थानिक संस्थांनाही स्थान मिळू शकते. आपल्यातील एखाद्या निवृत्त हिशेबनिसाने तेथे बसून यंत्र किती दिवस बंद होते, दुरुस्तीचा करार कोणाशी आहे, हे विचारावे. ते काम देणगीपेक्षा कमी नाही. आणि कराच्या पैशाने जे होत नाही तेथे आपली देणगी द्यावी. आमच्या शिपायाचे डायलिसिस आता विनामूल्य होते. पण आठवड्यातून तीन वेळा जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे त्याला झेपत नाही. त्याचा अर्ज मी या लेखासोबतच चिटणीसांकडे दिला आहे.