जुनी दुनळी बंदूक : जपावी कशी?



खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करण्याची आपली जुनी रीत. त्यामुळे वाडवडिलांची बंदूक घासूनपुसून लखलखीत केली म्हणजे तिचा मान राखला, असे कोणासही वाटेल. जुन्या बंदुकांचे जाणकार मात्र नेमके उलट सांगतात. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे मॉन्ट्रियलला स्थायिक आहेत, म्हणून त्या शहराच्या निमित्ताने आम्ही हा विषय मांडतो.

मॉन्ट्रियलच्या सेंट हेलन बेटावर इंग्रजांनी १८२० च्या दशकात किल्ला व शस्त्रागार बांधले. १९५५ साली डेव्हिड स्टुअर्ट यांनी तेथे वस्तुसंग्रहालय स्थापन केले. जुनी शस्त्रे हे त्याचे एक मोठे आकर्षण होते. २०१३ साली ते मॅकॉर्ड संग्रहालयात विलीन झाले आणि २०२१ मध्ये बेटावरील दालने बंद झाली.

एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ दुनळी बंदुकांच्या नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून-ठोकून केलेल्या असत. त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. पॉलिश कागदाने घासले की ही नक्षी पुसट होते, आणि कारखान्याचे व चाचणीचे शिक्केही झिजतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे. बंदूक कोठे व केव्हा तपासली गेली, हे अशा शिक्क्यांवरून कळते. म्हणून गंज हलक्या हाताने, तेल लावून काढावा. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल थोडेच चोळावे.

पहिले काम मात्र साफसफाईचे नव्हे. ठासणीची बंदूक शंभर वर्षांनंतरही भरलेली सापडू शकते. नळीत लाकडी काठी घालून आतली लांबी बाहेरच्या लांबीशी ताडून पाहतात. काठी तळापर्यंत गेली नाही, तर आत बार आहे असे समजून बंदूक जाणकाराच्या हाती द्यावी. पिळाच्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. आजच्या धूरविरहित दारूने त्या फुटू शकतात.

कायदाही जाणून घ्यावा. कॅनडात १८९८ पूर्वीची ठासणीची दुनळी ‘पुरातन’ गणली जाते. पण त्याच काळातली, नेहमीची बारा बोअरची काडतुसे घेणारी दुनळी त्यात बसत नाही. शिवाय ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये बंदूकधाऱ्याने चौदा स्त्रियांचे प्राण घेतले. ते दुःख ते शहर विसरलेले नाही. क्वेबेक प्रांताने २०१८ पासून लांब बंदुकांची नोंदणी सक्तीची केली आहे.

तेव्हा आजोबांची बंदूक मुलाकडे परदेशी पाठविण्याचा विचार असेल, तर आधी येथल्या व तेथल्या पोलिसांकडे चौकशी करावी. आणि ती घरीच ठेवायची असल्यास परवाना तपासावा, कुलूप लावावे, व ती कोणाची, कोठून आली, हे कागदावर लिहून ठेवावे. शिक्के झिजले, आठवणी गेल्या, तर नातवंडांच्या हाती नुसते लोखंड उरेल.