लिनक्स, नवा लॅपटॉप आणि बॅटरीचा हिशेब

आमच्या पेढीवर दोन लॅपटॉप आहेत. परवान्याचा खर्च नाही म्हणून दोन्हींवर लिनक्स. जुना पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालला. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने नवा घेतला, तर त्याचे वायफाय लागेना आणि रात्री झाकण मिटून ठेवला की सकाळी बॅटरी निम्मी! महाग ते चांगले, असे आम्ही धरून चाललो होतो. कापडाच्या खरेदीत ही चूक आम्ही कधी केली नसती.

घोटाळा असा. विंडोजचे ड्रायव्हर लॅपटॉप बनविणारी कंपनीच घालून देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. सबब यंत्र नवे आणि कर्नल जुना असला, तर काही भाग ओळखलेच जात नाहीत. डेबियन 12 जून 2023 मध्ये आले ते 6.1 कर्नल घेऊन; इंटेलचे मीटिअर लेक प्रोसेसर बाजारात आले त्याच वर्षी डिसेंबरात. ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये 6.12 आहे. आम्ही कर्नल बदलला आणि वायफाय लागले.

बॅटरी मात्र तेवढ्याने सुधारली नाही. हिशेब सोपा आहे : 50 वॅट-तासांची बॅटरी, खर्च 10 वॅट, तर 5 तास, खर्च 7 वॅटवर आणला तर 7 तासांहून थोडे जास्त. वीज खाणारे मुख्य म्हणजे पडद्याचा उजेड आणि वेगळी ग्राफिक्स चिप, जी काम नसतानाही जागी राहू शकते. पॉवरटॉप हा प्रोग्राम कोण किती खातो त्याचा अंदाज देतो. टीएलपी बचतीची तजवीज करतो. पण पॉवर-प्रोफाइल्स-डीमन चालू असेल तर दोन्ही एकत्र ठेवू नयेत, एकमेकांचे काम बिघडवतात.

रात्रीच्या गळतीचे कारण निराळेच निघाले. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये एस-3 नावाची गाढ झोप असे. पुष्कळ नव्यांत ती नाही. एस-टू-आयडल ही हलकी झोप आहे, आणि एखादा भाग नीट झोपला नाही की बॅटरी उतरत राहते. आम्ही आता रात्री सरळ बंदच करतो.

दुकानात दिवसभर चार्जर लावून ठेवणाऱ्यांनी, सोय असल्यास, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवावे. थिंकपॅडमध्ये ही सोय लिनक्सवरूनही चालते. सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

खरेदीला जाताना लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह खिशात न्यावा. त्यावरून यंत्र चालू करून वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची झोप तिथेच पाहावी. दुकानदार कुरकुरला तरी पैसे देण्यापूर्वी पाहावे.